त्याच्यासाठी आलेलं रडू

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, मी एकोणचाळीस वर्षांची आहे, सांगलीत बँकेत नोकरी करते. एकविसाव्या वर्षी पुण्यात हॉस्टेलवर राहायचे तेव्हा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत नाबोकोव्हचं 'लोलिता' मिळालं. मी मराठी माध्यमातली. डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं आणि शेवटी हम्बर्टसाठी, सावत्र मुलीवर अत्याचार करणाऱ्या त्या निवेदकासाठी, ढसाढसा रडले. आता आमच्या वाचन गटाने तेच पुस्तक घेतलंय. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. या वेळी पन्नास पानांतच मळमळायला लागलं. आपण कुणासाठी रडलो होतो, या विचाराने लाज वाटली. पण शेवटच्या चाळीस पानांत पुन्हा रडू आलं, तेही हम्बर्टसाठीच! मला माझीच भीती वाटली. गटात एक जण म्हणाले, "ती मुलगीही काही कमी नव्हती." मी त्यांच्याशी भांडले. घरी येऊन जुनी डायरी काढली, तर त्यात मीच तसं लिहिलेलं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, असलं पुस्तक ज्याला आवडतं त्याच्यातच काहीतरी खोट असते. ताई, माझ्यात खोट आहे का? रडणारी मी खरी की मळमळणारी? आणि हे पुस्तक मुलीच्या हाती लागेल असं घरात ठेवू का?

सांगलीच्या मैत्रिणीस,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. जागेअभावी इथे थोडक्यात छापलंय. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, ती आधी सांगते. चार पानांत हम्बर्टचं नाव ओळीओळीला येतं, तिचं नाव एकदाही येत नाही. 'ती मुलगी', 'ती पोर', एवढंच. मी तुझी चूक काढत नाहीये. पहिल्या वाचनानंतर मला कुणी विचारलं असतं तर मलाही तिचं खरं नाव सांगता आलं नसतं. डोलोरेस हेझ. जन्म १ जानेवारी १९३५. घरात ती लो, शाळेत डॉली, सहीपुरती डोलोरेस. 'लोलिता' हे त्याने ठेवलेलं नाव. गोष्ट तो सांगतोय, म्हणून कव्हरवरही तेच आलं. तुझ्या सगळ्या प्रश्नांची गाठ मला इथेच दिसते.

आता खोटेचं. नाही गं, तुझ्यात खोट नाही. १९५८ साली हे पुस्तक अमेरिकेत निघालं तेव्हा लायोनेल ट्रिलिंग यांनी लिहिलं होतं की वाचता वाचता आपण त्या अत्याचाराला जवळजवळ मान्यता देऊन बसतो, आणि हे उमगतं तेव्हा धक्का आणखी मोठा बसतो. ट्रिलिंग तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे, अमेरिकेतल्या मोठ्या समीक्षकांपैकी एक. तू एकवीस वर्षांची, हॉस्टेलच्या कॉटवर, मांडीवर डिक्शनरी. त्यांची जर ही गत झाली तर तू स्वतःला किती दोष देणार?

त्या डिक्शनरीवर मला जरा थांबायचंय, कारण मीही मराठी माध्यमातलीच, आणि कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवताना तुझ्यासारख्या कितीतरी मुली पाहिल्या. आपण असं पुस्तक वाचतो तेव्हा दर ओळीला दोन-तीन शब्द अडतात. ते शोधायचे, पेन्सिलीने वर अर्थ लिहायचा, वाक्य परत वाचायचं. मग एकदम ते वाक्य उलगडतं आणि छाती भरून येते. तो आनंद आपल्या कष्टाचा असतो, पण आपण तो लिहिणाऱ्याच्या खाती जमा करतो. महिनाभर रोज रात्री ज्याचं बोलणं आपण असं जिवापाड समजून घेतलं, तो आपलाच कुणीतरी वाटायला लागतो. हम्बर्ट तर अट्टल शब्दप्रभू. खुनी माणसाकडे नटवी भाषा असायचीच, असं पहिल्याच पानावर तो स्वतः सांगून टाकतो. आपण त्या वाक्याला दाद देतो आणि पुढे जातो. त्याने सावध केलं होतं, हे लक्षातच येत नाही.

समीक्षेत अशाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. मला आपल्या कोर्टातला शब्द जवळचा वाटतो: कैफियत. खुनाच्या आरोपाखाली कोठडीत असलेल्या माणसाने खटल्याच्या तयारीत लिहिलेली ही कैफियत आहे. तो अधूनमधून ज्युरीतल्या सभ्य स्त्री-पुरुषांना हाक मारतो, ती ज्युरी म्हणजे तू आणि मी. ज्युरी म्हटलं की आपल्याकडे नानावटी खटला आठवतो. १९५९, मुंबई. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याला ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, सेशन्स जज्जांना तो कौल पटला नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. दोन्ही गोष्टींची तुलना करत नाही मी. समोर उभा असलेला माणूस रुबाबदार असला, बोलायला तोच असला आणि दुसरी बाजू बोलायला उरलीच नसली, की बाकावर बसलेल्या चांगल्या माणसांचं काय होतं, एवढंच त्यातून घ्यायचं. हम्बर्टची कैफियत ज्युरीपुढे आलीच नाही, खटला उभा राहायच्या आधी तो हृदयविकाराने मेला. उलटतपासणी राहून गेली आहे. ती तुला करायची आहे.

कशी करायची, ते एका परिच्छेदावरून सांगते. पुस्तक जवळ घे आणि पहिल्या भागाचं अगदी शेवटचं पान उघड.

हॉटेलातली ती रात्र होऊन गेली आहे. दोघं गाडीत आहेत. डोलोरेसला वाटतंय की आई दवाखान्यात आहे. ती सुटे पैसे मागते, आईला फोन करायचाय म्हणते, नंबर विचारते. तेव्हा तो सांगतो की तुझी आई मेली. त्याच्या पुढचा परिच्छेद म्हणजे खरेदीची यादी. वाटेतल्या एका गावात त्याने तिला काय काय घेऊन दिलं, ते एका दमात: चार कॉमिक्स, मिठाईचा डबा, सॅनिटरी पॅड्सचं खोकं, दोन कोक, अंधारात आकडे चमकणारं घड्याळ, पुष्कराजाची अंगठी, टेनिसची रॅकेट, पांढऱ्या बुटांचे स्केट्स, दुर्बीण, छोटा रेडिओ, च्युइंग गम, रेनकोट, गॉगल, उन्हाळी फ्रॉक. मग दोन ओळी. हॉटेलात खोल्या वेगळ्या होत्या, पण मध्यरात्री ती हुंदके देत त्याच्या खोलीत आली आणि त्यांनी हळुवारपणे समेट केला. आणि शेवटचं वाक्य, की तिला जायला दुसरी जागाच नव्हती.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा यादीची लय कानाला इतकी गोड लागली की तिसरी वस्तू मला दिसलीच नाही. मिठाई आणि कोक यांच्यामध्ये ती ठेवलेली आहे. बारा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी त्याची गरज का पडली असावी, हा विचार करायला यादी सवडच देत नाही, लगेच पुढची वस्तू येते. पुढे कधीतरी वर्गात समजावून सांगायचं म्हणून मी ती यादी फळ्यावर मराठीत लिहायला घेतली आणि तिसऱ्या शब्दाला खडू थांबला. इंग्रजीत जो शब्द सुळकन निसटतो तो आपल्या भाषेत निसटत नाही. तो आपल्या घरातला शब्द असतो, कपाटाच्या खालच्या कप्प्यातला, मुलीला पहिल्यांदा समजावून सांगताना वापरलेला. मी मुलींकडे पाठ करून तशीच उभी राहिले. मागे सगळा वर्ग गप्प होता.

म्हणून तुला पहिलं काम देते. तो परिच्छेद मराठीत कर. सुंदर करायला जाऊ नकोस, बँकेत व्हाउचर लिहितेस तसा लिही, एकाखाली एक. नाबोकोव्हची मातृभाषा रशियन. ती मागे टाकून त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि पुढे हेच पुस्तक स्वतः रशियनमध्ये नेलं, १९६७ साली ते छापलं गेलं. एका भाषेतून दुसरीत नेताना काय उघडं पडतं हे त्यांना चांगलंच माहीत असणार.

दुसरं काम जास्त वेळ खाईल. तिसऱ्यांदा वाच, हातात पेन्सिल घेऊन, आणि खूण फक्त डोलोरेसपाशी कर. ती स्वतः काय बोलली, स्वतः काय केलं. तो तिच्याबद्दल काय म्हणतो ते सोडून दे. सुरुवातीला पानंच्या पानं कोरी जातील. घाबरू नकोस. मग एकेक ठिकाण दिसायला लागेल.

उदाहरणार्थ पैसे. दुसऱ्या भागात ते दोघं बिअर्डस्ली गावात बाप-लेक म्हणून राहतात. तो तिला आठवड्याचे पैसे देतो, मग कमी करतो, दिलेले परत काढून घेतो. ती ते लपवायला लागते. एकदा त्याला तिच्या एका पुस्तकात, खजिन्याच्या बेटाच्या त्या प्रसिद्ध गोष्टीत, एक-एक डॉलरच्या आठ नोटा सापडतात. एकदा भिंतीवरच्या चित्रामागच्या भोकात चोवीस डॉलर आणि वर थोडी चिल्लर. तो गुपचूप उचलतो. दुसऱ्या दिवशी ती कामवाल्या बाईंवर चोरीचा आळ घेते, कारण खरा चोर कोण हे तिला माहीत नाही. हा सगळा प्रकार तो गमतीच्या सुरात सांगतो. आणि मग कबुली निसटते: त्याला खरी धास्ती होती ती तिने पळून जाण्याइतके पैसे साठवण्याची. पन्नास डॉलर हातात आले की ती कुठेतरी पोचेल असा तिचा हिशेब असावा, असं तो म्हणतो.

तू रोज रोकड मोजणारी बाई आहेस. तूच सांग, एका पोरीने पुस्तकाच्या पानांत आठ नोटा दाबून ठेवल्या, त्याचा अर्थ काय? तिने निवेदन लिहिलं नाही, ज्युरीला हाक मारली नाही. तिची साक्ष म्हणजे त्या आठ नोटा.

किंवा रात्री. दोघं वर्षभर मोटारीने अमेरिका फिरतात, ऑगस्ट १९४७ ते ऑगस्ट १९४८, सत्तावीस हजार मैल. डोंगर, मोटेल, संग्रहालयं, सगळं फार देखणं लिहिलंय. त्या प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो की या सुंदर देशात आपण फक्त घाण करत गेलो, आणि मागे उरलं काय, तर चुरगळलेले नकाशे, फाटकी प्रवासमार्गदर्शकं, जुने टायर आणि तिचं रडणं. रोज रात्री, रोज रात्री, त्याने झोपेचं सोंग घेतलं की सुरू होणारं. वाक्य इथे संपतं, प्रकरणही. ही एक वर्षाची गोष्ट आहे आणि तिचं रडणं टायरांच्या शेजारी, यादीत शेवटी येतं. तू दोन वाचनांत त्याच्यासाठी दोनदा रडलीस. ती वर्षभर दर रात्री रडली, आणि सोंग घेतलेला माणूस ते ऐकत पडला होता.

आता "ती मुलगीही काही कमी नव्हती." तुझ्या गटातल्या त्या गृहस्थांवर आणि डायरीतल्या एकवीस वर्षांच्या तुझ्यावर मी सारखीच रागावणार नाही. तुझ्यावर कमी रागावेन, कारण तू डायरी उघडून पाहिलीस आणि मला लिहिलंस. पुढाकार तिचाच होता, हे कोण म्हणतं? हम्बर्ट. त्या खोलीत तिसरं कुणी होतं? नव्हतं. आणि वादापुरतं धरून चाललो की त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे, तरी ती बारा वर्षांची, तो सदतिशीचा, तिची आई मेलेली आणि ते फक्त त्यालाच ठाऊक. आपल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलाच्या संमतीला काही अर्थच नाही, तो अशाच युक्तिवादांना थारा मिळू नये म्हणून. गटात हे शांतपणे सांग. पुस्तकावर बोलताना जे वाक्य सहज तोंडी येतं, तेच वाक्य उद्या गल्लीतल्या एखाद्या पोरीबद्दलही येतं. तू भांडलीस ते योग्य केलंस.

आणखी एक सांगायचंय, आपल्याशी थेट संबंध असलेलं. आपल्या बाजूने साक्षीदार गोळा करताना हम्बर्ट इतिहास-भूगोल उकरतो. दान्तेची बियाट्रिस नऊ वर्षांची होती म्हणतो. पूर्वेकडच्या प्रांतांतले बालविवाह काढतो, सिक्कीमकडच्या लेपचा म्हाताऱ्यांची नावं पुढे करतो, आणि म्हणतो की तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. कुणाला काही वाटत नाही! माझ्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. सासरी गेल्यावर पहिल्या रात्री ती धान्याच्या कणगीमागे लपून बसली आणि सासूने कंदील घेऊन तिला शोधून काढलं, हे ती मला पंचाहत्तराव्या वर्षी सांगत होती. सांगताना तिचे हात पदराच्या टोकाशी चाळा करत होते. आणि जाहीरपणे बोलणारीही होतीच की आपल्याकडे. मुंबईत रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, १८८७ साली कोर्टाने नांदा नाहीतर तुरुंगात जा म्हटलं तर तुरुंग पत्करेन म्हणाल्या, आणि पुढे डॉक्टर झाल्या. संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ चा. त्यासाठी मलबारींनी रान उठवलं, आगरकरांनी लेखणी झिजवली, टिळक विरोधात उभे राहिले, महाराष्ट्र पेटला होता. हम्बर्टचं ते वाक्य मी पंचविशीत वाचलं आणि तेव्हा मला ना रखमाबाई आठवल्या, ना आजी. याचं मला आजही वाईट वाटतं. इंग्रजी पुस्तक वाचताना मी माझी माणसं चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून आत गेले होते.

आता शेवटच्या चाळीस पानांतलं रडू. तुला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

प्रसंग कोणता, मी ओळखते. तीन वर्षांनी तिचं पत्र येतं, तो जातो. सतरा वर्षांची, डोळ्यांवर चष्मा, दिवस गेलेले, गरिबाचं घर, साधासुधा नवरा. तो म्हणतो माझ्याबरोबर चल. ती नाही म्हणते, आणि नकार देताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला गोड शब्दाने हाक मारते. तो चार हजार डॉलर देतो, ती चकित होते, तो चेहरा झाकून रडतो. इथे मलाही रडू आलं होतं. येऊ दे. त्याचं दुःख खोटं नाही, आणि माणसाचं दुःख पाहून डोळे भरून येणं हे शरम वाटण्यासारखं नाही. कीव आली म्हणजे तू निकाल दिलास असं होत नाही. न्यायाधीशालाही आरोपीची कीव येते आणि शिक्षा सुनावताना त्यांचा हात थांबत नाही.

फक्त तिथेही पेन्सिल खाली ठेवू नकोस. या भेटीतलं जे वाक्य लोक तिचं म्हणून सांगतात, की त्या दुसऱ्याने (ज्याच्याबरोबर ती पळाली आणि ज्याचा हम्बर्टने पुढे खून केला, त्या क्विल्टीने) माझं काळीज मोडलं, तू नुसतं माझं आयुष्य मोडलंस, ते तिने उच्चारलेलंच नाही. ती शब्द शोधत होती आणि त्याने ते मनातल्या मनात पुरवले, असं तो स्वतः लिहितो. स्वतःविरुद्धची सगळ्यात खरी ओळसुद्धा त्याने तिला बोलू दिली नाही. आणि तो दरीचा प्रसंग, खालून खेळणाऱ्या मुलांचा आवाज येतोय आणि त्या कलकलाटात तिचा आवाज नाही हे त्याला टोचतं, तो घडलाय कधी? ती पळून गेली त्यानंतर लगेच. म्हणजे तिच्या भेटीच्या तीन वर्षं आधी. त्या टोचणीने तो सुधारला का? ती गेल्यामुळे माझी खोड गेली असं म्हणणं लबाडीचं ठरेल, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मग ती आठवण शेवटच्या पानांसाठी का राखून ठेवली? चांगला वकील राखून ठेवतो तशी. एवढं कळूनही तुझे डोळे भरले, तर भरू देत. पण काय घडलं आणि ते कुठे मांडलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. तू बँकेतली आहेस, तुला हे मी काय सांगावं.

नाबोकोव्ह १९६७ सालच्या एका मुलाखतीत म्हणाले होते की हम्बर्ट हा पोकळ डौलाचा, क्रूर माणूस आहे आणि तो हृदयस्पर्शी दिसण्यात यशस्वी होतो, पण तो शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो माझ्या त्या बिचाऱ्या पोरीलाच. त्यांची पत्नी व्हेरा यांनी पुस्तक गाजत असतानाच डायरीत खंत लिहिली होती की त्या मुलीचं असहाय असणं, तिचं धैर्य कुणी पाहत कसं नाही. आणि अमेरिकेतल्या प्रकाशकांना नाबोकोव्ह यांनी आधीच बजावलं होतं की कव्हरवर मुलीचं चित्र अजिबात नको. तू अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या प्रतीवर काय होतं, आठवतंय? माझ्या प्रतीवर मुलगी होती, गॉगल लावलेली. म्हणजे पहिलं पान उलटायच्या आधीच कुणीतरी माझ्या वतीने हम्बर्टच्या नजरेने पाहून ठेवलं होतं.

घरात ठेवण्याबद्दल थोडक्यात. बाराव्या वर्षी नको. अश्लील आहे म्हणून नव्हे, त्यात एक शिवराळ शब्द सापडणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला त्यात त्याचाच आवाज ऐकू येईल म्हणून. वरच्या फळीवर ठेव, लपवू मात्र नकोस. आणि पुस्तकातली एक गोष्ट पुस्तक न देता तिला सांग. हम्बर्ट डोलोरेसला गप्प कसा ठेवतो? तू कुणाला सांगितलंस तर मी तुरुंगात जाईन, पण तुझं काय होईल, तुला सुधारगृहात टाकतील, अशी भीती घालून. कुठलाही मोठा माणूस 'सांगितलंस तर तुझंच वाईट होईल' असं म्हणाला, तर ते त्याच दिवशी आईला सांगायचं. एवढं तिला आजच सांग, जेवताना सहज.

खोट काढणाऱ्या त्या बाईंना एवढंच सांग की असलं पुस्तक असावं की नसावं हा वाद आपण करून चुकलोय. १९५९ साली मुंबईला आलेल्या प्रती कस्टम्सने अडवल्या होत्या, मोरारजी देसाईंपर्यंत तक्रार गेली होती, शेवटी नेहरूंनी पुस्तक येऊ दिलं. मला वाटतं ते बरं झालं. ज्या घरांत असं काही घडतं तिथे बोलणारा असाच बोलतो, गोड, सुशिक्षित, दुखावलेला. तो आवाज पुस्तकात ऐकून ठेवलेला बरा.

तुझ्या पत्रात 'मळमळ' हा शब्द सहा वेळा आलाय. ती या पुस्तकापुरतीच असेल तर ठीक. तिच्या मागे तुझं स्वतःचं काही असेल तर मला वेगळं लिही. मी ते छापणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही.

गट पुन्हा जमेल त्याआधी एक कर. पुस्तक संपवलंयस ना, आता अगदी सुरुवातीला जा, कथेच्याही आधी. कुणा डॉक्टरच्या नावाने लिहिलेली एक कंटाळवाणी प्रस्तावना आहे. आपण ती भरभर चाळतो. त्यात पुढे कुणाचं काय झालं याची दोन-चार ओळींत माहिती आहे, आणि त्यात एक बाई आहेत, मिसेस रिचर्ड शिलर. दूर वायव्येकडच्या एका वस्तीत बाळंतपणात गेल्या, मुलगी मृत जन्मली, नाताळचा दिवस, १९५२. पहिल्यांदा वाचताना हे नाव ओळखायला आपल्याला काही मार्गच नव्हता. तूही ते ओलांडून पुढे गेलीस, मीही गेले. आता तुला ते नवऱ्याचं नाव माहीत आहे. आणि वर मी तिची जन्मतारीख दिली आहे. तिला अठरा पूर्ण व्हायला सात दिवस राहिले होते.

गटात बसशील तेव्हा ते पान आधी मोठ्याने वाच, मग बाकीचं बोला. काय झालं ते कळव मला.

तुझी,
ताई